मोबाइल नंबर हातातून जाण्याआधी एवढं करून ठेवा

त्या नंबरला जोडलेली सगळी खाती एकदम आवरायला बसू नका, कंटाळून अर्ध्यात सोडाल. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात.

१. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय) बॅकअप कोड मिळतात, म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिनसाठी वापरायचे कोड: १० कोड, प्रत्येकी ८ अंकी, एकेक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवणं ही नवख्यांची ठरलेली चूक. फोनच गेला तर कोडही गेले. आणि नवा संच काढलात की जुना कागद फाडून टाका, ते कोड रद्द झालेले असतात.

२. लॉगिनच्या कोडसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (असे कोड बनवणारं ॲप) लावा. दर ३० सेकंदांनी बदलणारा ६ अंकी कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला सिम लागत नाही. मात्र ॲपचा बॅकअप घेतलेला हवा.

३. व्हॉट्सॲपला ६ अंकी पिन लावा, सोबत ईमेलही जोडा.

नंबर स्वतःहून सोडत असाल तर क्रम महत्त्वाचा: आधी बँकेत आणि प्रत्येक खात्यात नवा नंबर, मग जुनं सिम बंद. उलटं केलंत तर बदलासाठी लागणारा ओटीपी जुन्याच नंबरवर जात राहतो. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, हे बरेच जण विसरतात. मग तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर.

सिम चोरीला गेलं तर मात्र आधी कंपनीला फोन करून ते ब्लॉक करा.

पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन) वगैरे सध्या राहू द्या.