भत्त्यात ओव्हरटाइम 'आला', पण मुदत गेली त्याचं काय?

प्रश्न: एप्रिल २०१९ ते मार्च २०२५ मी एका वाहतूकदाराकडे ट्रक चालवला. त्यांच्या १४ गाड्या आहेत. शेवटचा पगार १८,००० रुपये, वर खेपेप्रमाणे भत्ता. रोज ११ तास तरी काम व्हायचं, पण ओव्हरटाइम एकदाही दिला नाही. विचारलं की शेठ म्हणायचे, 'भत्त्यात सगळं आलं.' काम सोडताना 'माझं काही येणं बाकी नाही' अशा कागदावर त्यांनी सही घेतली. माझ्या हिशेबाने सहा वर्षांचे ९ लाख ७२ हजार होतात. ते मिळतील का?

उत्तर: नाही, एवढे मिळणार नाहीत. किती मिळू शकतात तेही सांगतो, पण आधी थोडं रागावू द्या. असं पत्र महिन्यातून दोन-तीनदा येतं. गाडीचा नंबर तेवढा वेगळा असतो. अन्याय झाला का, भत्ता म्हणजे ओव्हरटाइम का, सहीमुळे सगळं संपलं का, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. आपण इतकी वर्षं गप्प का बसलो, हे मात्र कोणी लिहीत नाही. आणि तुमची केस नेमकी तिथेच अडकली आहे.

तुम्ही सहा वर्षांची एकच उधारी धरून चाललात. कायदा ती एक मानत नाही, त्याच्या लेखी त्या ७२ वेगवेगळ्या उधाऱ्या आहेत. एप्रिल २०१९ चा ओव्हरटाइम ७ मे २०१९ पर्यंत हातात पडायला हवा होता. तो पडला नाही आणि त्या दिवसापासून त्या महिन्याच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत सुरू झाली. वेतन प्रदान कायद्याच्या कलम १५ खाली ही मुदत १२ महिन्यांची होती. शेठ 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत राहिले, तुम्ही मान डोलावत राहिलात आणि दर महिन्याला मागचा एक महिना गळत गेला.

२१ नोव्हेंबर २०२५ ला वेतन संहिता, म्हणजे पगाराच्या जुन्या कायद्यांच्या जागी आलेला नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम ४५ ने ही मुदत तीन वर्षं केली. हे कानावर आल्यामुळेच बहुधा तुम्ही आता पत्र लिहिलंत. पण नवी लांब मुदत जुन्या कायद्याखाली आधीच संपलेल्या दाव्यात जीव फुंकत नाही. त्या तारखेला जिवंत असलेल्या दाव्यांनाच तिचा फायदा मागता येतो. तुमच्या बाबतीत ते किती? ऑक्टोबर २०२४ चं देणं ७ नोव्हेंबर २०२४ ला थकलं. त्याचे १२ महिने संहिता येण्याच्या जेमतेम १४ दिवस आधी भरले. म्हणजे ऑक्टोबर गेला. उरले नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ असे पाच महिने.

तुमचं गणित मी तपासलं. १८,००० भागिले २६ दिवस, भागिले आठ तास, म्हणजे तासाला साधारण ८६ रुपये ५४ पैसे. त्याच्या दुप्पट दराने रोजचे तीन तास, महिन्याचे २६ दिवस धरले की १३,५०० येतात. ते बरोबर आहे. (फक्त २०१९ लाही १८,००० धरलेत. तेव्हा पगार एवढा होता का?) पाच महिन्यांचे झाले ६७,५००. खरी लढाई एवढ्या रकमेची आहे. आधीच्या ६७ महिन्यांसाठी उशीर माफ करण्याचा अर्ज जोडता येईल. पण त्याला 'पुरेसं कारण' लागतं आणि शेठचं तोंडी आश्वासन हे फार लंगडं कारण आहे. 'हिशेब करून देतो' असं त्यांनी मेसेजमध्ये लिहिलं असतं तर मी थोडा आशेने बोललो असतो. तुम्ही लिहिता की जुना फोन विकला. काय बोलायचं यावर!

या पाच महिन्यांनाही तीन वर्षं मिळतीलच, अशी खात्री मी देणार नाही. समोरचा वकील म्हणणार की काम जुन्या कायद्याच्या काळातलं, तर मुदतही जुनीच, १२ महिन्यांची. माझ्या मते त्याचं म्हणणं टिकू नये. पण त्याला हा मुद्दा मांडायला जितकी कमी जागा द्याल तितकं बरं. पगाराचे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज लगेच करा, आणि त्यात जुना कायदा आणि संहिता दोन्हींचा उल्लेख करा. आधी वकिलाची नोटीस पाठवायची, मग उत्तराची वाट बघायची, ही चैन तुम्हाला परवडणारी नाही. नोटिशीने मुदत थांबत नाही.

सहीच्या कागदाची धास्ती सोडा. कायद्याने दिलेला पगाराचा हक्क सोडून दिल्याचा करार रद्दबातल असतो. जुन्या कायद्याचं कलम २३ हेच सांगत होतं आणि संहितेचं कलम ६० ही तेच सांगतं. तुम्ही घाबरलात त्या कागदाला, आणि घात केला कॅलेंडरने.

भत्त्याचंही फार लांबवत नाही. तुमच्या काळाला मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ लागू होता. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूकदाराला तो लागायचा, त्यामुळे १४ गाड्यांच्या मालकाला पळवाट नाही. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन दिवसाला दहा तासांपर्यंत जाता यायचं, पण आठच्या पुढच्या तासांना कलम २६ प्रमाणे दुप्पट दर. तो दर मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मोजतात. वाटखर्चाचा भत्ता त्या हिशेबात येत नाही, त्यामुळे ओव्हरटाइमही त्या भत्त्यात मुरवता येत नाही. शेठने पगारपत्रकावर काही वेगळंच लिहिलं असेल तर मात्र ते बघावं लागेल.

आता तास सिद्ध करणं. तुम्ही पाठवलेल्या डायरीत पानोपानी डिझेल आणि भत्त्याचे आकडे आहेत, तासांचा पत्ता नाही. अपवाद एकच पान, २२ जानेवारी २०२५ चं, तेही त्या दिवशी गेटवर भांडण झालं म्हणून लिहिलेलं: 'रात्री ९.४० गेटवर. नंबर सकाळी ६. गाडी खाली ११.१५.' मागे गेटपास चिकटवलेला, त्यावर आत सोडल्याची वेळ आणि शिक्का. हे एक पान बाकीच्या सगळ्या डायरीला भारी आहे.

त्यातले सकाळी सहा ते सव्वाअकरा कोणी नाकारू शकणार नाही. गाडी भरणं आणि खाली करणं मोटार परिवहन कामगार कायद्याने 'पूरक काम' म्हणून कामाच्या तासांतच धरलं आहे. रात्रीचे आठ तास वीस मिनिटं वादाची आहेत. नुसतं हजर राहणं १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर ते मोजायचं, असं कायदा म्हणतो, आणि शेठचा वकील यावरच बोट ठेवणार. आपलं उत्तर व्याख्येच्या पहिल्याच ओळीत आहे: कामगार मालकाच्या दिमतीला आहे तो काळ म्हणजे कामाचे तास. त्या रात्री गाडी सोडून तुम्ही कुठे जाऊ शकत होतात का? रांग दर अर्ध्या तासाने सरकत होती आणि प्रत्येक वेळी गाडी तुम्हीच पुढे घेत होतात, हे शपथपत्रात लिहा. अधिकारी किती तास मान्य करतील ते सांगता येत नाही. सगळे धरतील असं समजून चालू नका.

बाकी दिवसांचा पुरावा शेठकडेच आहे. फास्टॅगच्या खात्यावर प्रत्येक टोलनाक्याची वेळ असते. जीपीएस, बिल्टी, ई-वे बिल, वजनकाट्याच्या पावत्या आहेतच. कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार प्राधिकाऱ्याला आहेत. अर्जासोबतच तशी मागणी करा, गाडीचा नंबर आणि पाच महिन्यांच्या तारखा घालून. 'सगळं रेकॉर्ड द्या' अशी मोघम मागणी केली की एक तारीख पडते, मग दुसरी. देणी चुकती केल्याचं सिद्ध करण्याचा भार संहितेच्या कलम ५९ ने मालकावर टाकलाय हे खरं. पण आधी तुम्ही तेवढे तास राबलात, हे थोडंफार तरी तुम्हालाच दाखवावं लागेल.

तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं संहितेत लिहिलं आहे. वाचून बरं वाटतं. तुम्ही मात्र वर्ष-दीड वर्षाची तयारी ठेवा. दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही आहे, तीही अर्जात मागा, पण तिच्या भरवशावर कर्ज काढू नका.

कोणीतरी तुम्हाला '३३-सी(२) ला मुदतच नाही' असं सांगितलंय. औद्योगिक विवाद कायद्याच्या त्या कलमाला मुदत नव्हती हे खरं, पण ते आधीच ठरलेल्या हक्काची रक्कम काढण्यापुरतं होतं. मुळात हक्क आहे का, हाच वाद असेल तर ती वाट बंद, हे सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्येच स्पष्ट केलं. तुमचे शेठ तर तासच नाकारणार. शिवाय तो कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ ला गेला. त्या नादाला लागून आणखी सहा महिने घालवू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की तुमच्यासोबतचा दुसरा ड्रायव्हर साक्षीदार म्हणून घालावा का. तो अजून त्याच शेठकडे आहे ना? मग त्याचं नाव आत्ता नको. तुमच्या गाडीवरचा क्लीनर काम सोडून गेलाय असं लिहिलंत, आधी त्याला शोधा. २२ जानेवारीच्या रात्री तोही गाडीत होता.