ट्राउट पळून जात नाही, आधी ती पॉलिसी परत करा

काका, तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे. कॅनडात ग्रेट बेअर लेकवर गाइड घेऊन आठवडाभर ट्राउट माशांसाठी गळ टाकायला जायचंय, लॉज, विमान, व्हिसा सगळं धरून 9 लाख, तर एफडी मोडू की बँकेतला आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) देतोय ते 13 टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ? लोन नको. 9 लाखांवर पाच वर्षं साडेवीस हजारांचा ईएमआय, एकूण सव्वाबारा लाख भरणार, आणि शेजारीच तुमची एफडी 7 टक्क्यांवर बसलेली. झालं उत्तर.

आता पत्राच्या शेवटी जे जाता जाता लिहिलंय त्याच्याकडे येऊ. "रिटायरमेंटचे 64 लाख मिळाले, त्यातले 5 लाख आरएमच्या सांगण्यावरून गॅरंटीड इन्कममध्ये टाकलेत, 12 टक्के मिळतात, पेपर मागच्या आठवड्यात कुरिअरने आले." काका, ही विमा पॉलिसी आहे, आणि तुम्ही 5 लाख टाकलेले नाहीत, 50 लाखांवर सही केली आहे. दहा वर्षं दरवर्षी 5 लाख भरायचे आणि अकरा वर्षं पूर्ण झाली की मग पंधरा वर्षं दरवर्षी 6 लाख मिळणार, हे तुम्हीच पाठवलेल्या फोटोत बारीक अक्षरात छापलंय. आरएमने 6 ला 50 ने भागलं आणि 12 टक्के सांगून मोकळा झाला. पैसे कधी जातात आणि कधी येतात ते धरून खरा परतावा काढला तर साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम आत्ता 8.2 देतेय, तेही तीन महिन्यांनी हातात व्याज देऊन, आणि तुम्ही साठीचे असल्यामुळे 30 लाखांपर्यंत त्यात ठेवू शकता.

परतावा कमी आहे हे एकवेळ सोडून देऊ. हप्ते कुठून भरणार होतात? घरखर्च महिना 60 हजार, काकूंची शाळेची पेन्शन 25 आणि तुमची ईपीएसची (पीएफ खात्याकडून येणारी पेन्शन) 5, म्हणजे महिन्याला 30 हजार कमी पडतात, वर्षाला 3.6 लाख. उरलेले 59 लाख 7 टक्क्यांवर ठेवले, ही तूट दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढली आणि त्यातूनच 5-5 लाखांचे हप्ते भरत गेलात तर साधारण नऊ वर्षांत खडखडाट. दहावा हप्ता भरायला पैसेच नाहीत. तेव्हा तुम्ही 69 चे असाल, आणि पहिले 6 लाख येणार 71 व्या वर्षी, तेही सगळे हप्ते भरले असतील तर! पगार बंद झालेल्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता विकणाऱ्याला काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

नशीब एवढंच की तुम्ही वेळेत लिहिलंत. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवस फ्री लूक असतो, त्या मुदतीत परत केली की स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांचं कव्हर असं किरकोळ कापून बाकी पैसे परत मिळतात. ई-पॉलिसी मेलवर आधीच आली असेल तर दिवस त्या तारखेपासून धरा, आजच मेल उघडून बघा. अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्यायचा आणि शिक्का मारलेली पोच घ्यायची. आरएमला फोन करू नका, तो "सर, मी बघतो" म्हणेल आणि तीस दिवस बघतच राहील. कंपनीने टाळाटाळ केली तर तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा हे तक्रारींचं पोर्टल, आणि विमा लोकपालांचं ऑफिस आपल्या पुण्यातच आहे.

दुसरं म्हणजे कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम रिटायर झाल्यावर संपला ना? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. दोघांचा मेडिक्लेम ट्रिपच्या आधी, बीपी-शुगर काही न लपवता.

हे झालं की मासे. मला तुमची हौस अजिबात वेडेपणाची वाटत नाही, खडकवासल्याला इतकी वर्षं गळ टाकून बसणाऱ्या माणसाला 1995 साली जिथे 72 पौंडांचा लेक ट्राउट निघाला ते पाणी बघावंसं वाटणारच. महाग का, तर लॉजपर्यंत रस्ता नाही, बहुतेक सगळं विमानाने येतं आणि मोसम जेमतेम जुलै-ऑगस्टचा. पॉलिसी परत झाली तर 64 लाखांतून एकदा 6-7 लाख जाणं तुम्हाला झेपेल, 9 मात्र जास्त होतात. म्हणून यंदा नको, पुढच्या जुलैला जा, आठवड्याऐवजी तीन-चार दिवसांचं पॅकेज शोधा, बोट आणि गाइड कोणाबरोबर तरी वाटून घ्या. येलोनाइफला, म्हणजे लॉजची छोटी विमानं जिथून सुटतात त्या शहरात, परतीच्या फ्लाइटआधी एक दिवस मोकळा ठेवा, हवा बिघडली की छोटी विमानं उडत नाहीत. अॅडव्हान्स परत मिळतो का ते लेखी विचारा, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये तिथून हॉस्पिटलपर्यंत विमानाने आणायचा खर्च हवाच. पॅकेज इथल्या एजंटकडून घेतलंत तर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापतील, तो रिटर्न भरताना क्लेम करा.

आणि ट्रिपचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकून खर्च निघेल असं जे लिहिलंय ती ओळ हिशेबातून खोडा. व्हिडिओ खुशाल टाका, मी बघेन. सीनियर सिटिझन स्कीममध्ये 30 लाख टाकलेत तर तिमाहीला 61,500 येतील, बाकीचे कसे वाटायचे ते पोच हातात आल्यावर लिहा, त्याआधी नाही.