मामाचा आजार भाचीत उतरतो का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला एकविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार झाला, आता तो चाळिशीत आहे, गोळ्या चालू आहेत, घरचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, तोच सांभाळतो. माझ्या मुलीला स्थळ आलेलं, चवथ झाल्यावर बोलणी करायची ठरलेलं, पण त्यांना भावाचं कळलं आणि निरोप आला की असले आजार आईच्या बाजूने उतरतात, नको. मुलगी चोवीस वर्षांची, एकदम ठीक आहे. आता सासूबाईपण मलाच बोलतात. खरंच माझ्याकडून येतं का हे?
– एक आई, डिचोली

उत्तर: ताई, नाही. ओपीडीत फाईल मांडीवर घट्ट धरून बसलेली आई पहिल्यांदा हेच विचारते, माझ्यामुळे झालं का, आणि बाप सहसा विचारत नाही, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आईकडून मुलग्यात उतरणारे काही आजार आहेत, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठणं), रंगांधळेपणा वगैरे, कारण त्यांचा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो आणि मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतो. स्किझोफ्रेनियाचं तसं नाही. 2022 च्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या जीनोममधल्या, म्हणजे माणसाच्या सगळ्या जीन्सच्या संचातल्या, 287 जागा सापडल्या, एकेकीचा वाटा अगदी चिमूटभर, आणि त्या आईकडून येतात तशाच बापाकडूनही येतात. म्हणजे ज्यांनी निरोप पाठवला त्यांच्या घरातही यातल्या कितीतरी असणारच, तुमच्या-माझ्या सगळ्यांतच असतात.

आता आकडे. कुठल्याही माणसाला हा आजार व्हायची शक्यता साधारण 1 टक्का. सख्ख्या भावंडाला असेल तर 9-10 च्या आसपास. मामाला असेल तर भाचीला 2 ते 4, म्हणजे अशा शंभर भाच्यांपैकी किमान 96 जणींना काही होत नाही. अहो, एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला झाला तरी दुसऱ्याला होईलच असं नाही, निम्म्या वेळा तरी होत नाही, जीन्स तेच असून!

बायका-पुरुषांत फरक आहे तो जास्त करून वयाचा. पुरुषांत हा आजार विशी-पंचविशीत दिसतो, तुमच्या भावासारखा, बायकांत तीन-पाच वर्षं उशिरा, आणि काही जणींत पाळी जायच्या सुमाराला. जीन्स मात्र बहुतेक तेच. सी-4 नावाच्या एका जीनचा परिणाम पुरुषांत जास्त होतो असं 2020 मध्ये दिसलं, पण असा जीन आहे म्हणून बाईच्या माहेराला दोष द्यायचा याला काही आधार नाही.

मुलीने गांजापासून मात्र लांब राहायचं, घरात असा आजार असताना त्याने धोका खरंच वाढतो. जीन टेस्टचे किट विकतात त्यावर पैसे घालू नका, कुणाला आजार होणार ते त्यात कळत नाही. आणि पुढच्या स्थळाला भावाचं लपवू नका, तो गोळ्या घेतो आणि कुळागर सांभाळतो हे असंच्या असं सांगा. कधी काही शंका आली तर बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, फोनवर बोलायचं तर टेलिमानस, 14416, फुकट आहे. सासूबाईंना हे पान वाचून दाखवा.

प्रश्न: डिप्रेशन बायकांत दुप्पट असतं म्हणे. मग आमचे जीन्सच कमजोर का?
– कॉलेजची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: दुप्पट हे खरं, कमजोर हे खोटं. ऑटिझम मुलग्यांत तीन-चार पट दिसतो, तेव्हा पुरुषांचे जीन्स कमजोर असं कोण म्हणतं? उलट ऑटिझम असलेल्या मुलींत जीन्समधले मोठे बदल जास्त सापडतात, म्हणजे मुलीत तो दिसायला जास्त भार लागतो असं दिसतं.

डिप्रेशनचं बघ, स्वीडनच्या जुळ्यांच्या 2006 च्या अभ्यासात बायकांत जीन्सचा वाटा 42 टक्के निघाला, पुरुषांत 29. फरक आहे, पण बायकांतही अर्ध्याहून जास्त भाग जीन्सच्या बाहेरचा. तो बाहेरचा भाग कसला ते आपल्या गोव्यातच मोजलंय, 2002 मध्ये छापलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना डिप्रेशन होतं आणि नवऱ्याची मारहाण, गरिबी, मुलगा हवा असताना झालेली मुलगी या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या होत्या. यातलं काय जीन्समध्ये लिहिलेलं असतं, तूच सांग.

तुझ्या घरात कुणी बाळंतीण असेल तर बाळाचा दीड महिन्याचा डोस द्यायला तिच्यासोबत जा. तिथे बाळाचं वजन सगळे विचारतात, तू तिला विचार, झोप लागते का, रडू येतं का.