बहावा रुजेना, फुलेना

प्रश्न : बहाव्याच्या बिया पेरल्या, एकही उगवली नाही. अंगणातलं ६ वर्षांचं झाडही फुलत नाही. काय चुकतंय? – एक वाचक, सातारा

उत्तर : बी मेलेली नसते, तिचं टणक कवच पाणी आत घेत नाही. काळी, वाळलेली शेंग फोडून चिकट गर धुऊन टाका. प्रत्येक बीची एक कड पॉलिश पेपरवर घासा. आतला फिकट भाग जेमतेम दिसला की थांबा. देठाकडचं टोक घासू नका, अंकुर तिथेच असतो. मग २४ तास भिजवा. फुगलेल्या बिया १ सेंटिमीटर खोल पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. उकळतं पाणी ओतायचा सल्ला सर्रास मिळतो. त्यात बिया शिजायचीच भीती.

फुलांचं म्हणाल तर बियांपासूनचा बहावा ७-८ वर्षंही घेतो. पण झाड सावलीत असेल, किंवा हिरवळीबरोबर त्यालाही रोज पाणी आणि युरिया मिळत असेल, तर नुसता पाला वाढतो. युरिया बंद करा, फेब्रुवारीपासून पाणी कमी करा. चैत्रात पानं गळाली तर घाबरून पुन्हा नळी सोडू नका!

पावसाळ्यात पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्या बहुधा फुलपाखरांच्या असतात. फवारणी नको, पालवी परत येते.