आधी उतारा काढ

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या मॅकडॉवेल काउंटीवर, त्या कोळसाखाणींच्या जिल्ह्यावर, प्रबंध घेतलास आणि पहिल्याच मुक्कामात अडकलीस. विचारतेस, "एवढे हाल आहेत तर ही माणसं निघून का जात नाहीत?" अगं, गेली की! १९५० साली तिथे जवळपास ९९ हजार लोक होते, २०२० च्या जनगणनेत जेमतेम १९ हजार. कोळसा तोडणारी यंत्रं आली, हातांचं काम संपलं. माणसं गेली, जमीन तिथेच आहे. ती कुणाच्या नावावर, ते बघितलंस?

आपल्याकडे भांडण लागलं की पहिला सातबारा निघतो. तूही तेच कर.

नकाशावरच्या समोच्च रेषा बघ. ओढ्यांनी पठार इतकं चिरलंय की सपाट जागा म्हणजे काठची चिंचोळी पट्टी. रूळ, रस्ता, घरं, सगळं तिच्यातच. पूर आला की शहाणी माणसं विचारतात, ओढ्यात घरं बांधायला सांगितलं कुणी? खाणकंपनीनं! घरं तिची, दुकान तिचं. १८८३ मध्ये पोकाहोंटास खाणीचा कोळसा रेल्वेनं निघाला, आणि जमीन कंपन्यांनी डोंगरच्या डोंगर घेऊन खाणवाल्यांना भाडेपट्ट्यानं दिले. कित्येक ठिकाणी वरची माती एकाची, खालचा कोळसा दुसऱ्याचा.

शेजारच्या काउंटीतल्या मेटवान गावचा गोळीबार सगळे सांगतात. १९ मे १९२०, दहा मेले. पण त्या दिवशी कंपनीचे डिटेक्टिव्ह कशाला आले होते? युनियनमध्ये गेलेल्यांची बिऱ्हाडं रस्त्यावर काढायला. घर कंपनीचं, म्हणून. पुन्हा उतारा!

कामगारांची बाजू घेणारा तिथला पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड पुढच्या वर्षी वेल्चच्या, म्हणजे तुझ्या मॅकडॉवेलच्या मुख्य गावातल्या, कोर्टाच्या पायऱ्यांवर मारला गेला. त्या पायऱ्यांचा फोटो हवा तर काढ, पण तिथे रेंगाळू नकोस, आत जा. खरेदीखतांची जाडजूड रजिस्टरं आत आहेत. हद्दी लिहिल्यात त्या अमक्या पांढऱ्या ओकपासून ओढ्याकाठच्या दगडापर्यंत, अशा. ओक केव्हाच गेलेला. कंटाळा येईल. येऊ दे.

मला एका संपादकानं सांगितलं होतं, काळवंडलेले चेहरे आणा, दस्त कोण वाचतो? मी ऐकलं नाही, लेखमाला हातची गेली. हळहळ आहे, खोटं कशाला बोलू. पण आजही ऐकणार नाही. २६ फेब्रुवारी १९७२ ला वेस्ट व्हर्जिनियातल्याच बफेलो क्रीक या ओढ्यावर खाणीच्या गाळाचा बांध फुटला, १२५ माणसं गेली, आणि कंपनी म्हणाली, ही देवाची करणी. बांध कुणाचा, याचा कागद समोर ठेवला की देवाला मध्ये आणता येत नाही. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

तुझ्या पहिल्या प्रकरणात बँजो आणि धुकं दिसलं तर न वाचता परत पाठवीन. एकच दरी घे. जुने भाडेपट्टे आजच्या करयादीशी ताडून बघ, आणि मालकांचे पत्ते कुठले आहेत तेही लिहून ठेव. नकलेचे पानागणिक पैसे घेतात. तुझी शिष्यवृत्ती किती ते मला माहीत आहे, तेव्हा लाजू नकोस. हिशेब मला पाठव.

तुझा,
काका