लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाचा बायोप्सी रिपोर्ट दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्यावा का?

वडिलांच्या रिपोर्टमध्ये गाठ स्नायूपर्यंत पोहोचल्याचे लिहिले असून डॉक्टरांनी पिशवी काढण्याचा सल्ला दिला आहे, अशा वेळी दुसरे मत मागितले तर त्यांना राग येईल का, असे आपण विचारले आहे. दुसरे मत अवश्य घ्या, आणि ते आधी पॅथॉलॉजिस्टचे, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांचे घ्या. कारण दुसऱ्या सर्जनपुढे तीच फाइल ठेवली तर तोही त्याच कागदावरून बोलणार.

माझ्या वडिलांच्या बाबतीत नेमके हेच घडले. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढल्यावर इथल्या एका लॅबने 'हाय ग्रेड (म्हणजे अधिक आक्रमक दिसणाऱ्या पेशी), स्नायूत शिरकाव' असा रिपोर्ट दिला. आम्ही स्लाइड्स (तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) घेऊन परळला टाटा मेमोरियलमध्ये गेलो. तेथील मत असे आले की, ज्यांना स्नायू म्हटले होते ते पिशवीच्या आतल्या थरातले विरळ तंतू आहेत आणि खरा जाड स्नायू या नमुन्यात आलेलाच नाही. म्हणजे रोग स्नायूत शिरला आहे की नाही, हे त्या नमुन्यावरून सांगताच येत नव्हते. चार आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीतून तुकडे घेतले, त्यांत स्नायू मिळाला आणि तो स्वच्छ निघाला. त्यानंतर पिशवीत आठवड्याला एक असे बीसीजीचे सहा डोस झाले. होय, क्षयाची लस म्हणून आपण ओळखतो तेच बीसीजी. हाय ग्रेड हा शेरा मात्र कायम राहिला, त्यामुळे दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चुकवता येत नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत निष्कर्ष उलटाही येऊ शकतो, म्हणजे पहिलाच रिपोर्ट बरोबर ठरू शकतो. पण मग एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेला किमान खात्रीने सामोरे जाता येते.

लॅबकडे लेखी अर्ज करून स्लाइड्सबरोबर ब्लॉकही मागा. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीतली मेणाची वडी, जिच्यात प्रत्यक्ष तुकडा असतो. तिच्यातून नव्या स्लाइड्स कापता येतात आणि गरज पडल्यास विशेष रंगांच्या चाचण्याही करता येतात. आमच्या लॅबने दोन दिवस टाळाटाळ केली, पण अर्जाच्या प्रतीवर पोच मागताच ब्लॉक मिळाले. प्रत्येक ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच ताडून घ्या. आईने ते रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले होते. उन्हाळ्यात बंद गाडीत मात्र डबा ठेवू नका, मेण मऊ पडते. सोबत शस्त्रक्रियेची टिपणी आणि सीटी स्कॅनचा रिपोर्टही द्या.

नव्या पॅथॉलॉजिस्टला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: नमुन्यात खरा स्नायू आहे का, ग्रेड कोणता, आणि मायक्रोपॅपिलरीसारखा एखादा वेगळा, अधिक आक्रमक प्रकार आहे का. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण उपचाराचा निर्णय त्यावरून बदलू शकतो.

रागाविषयी म्हणाल, तर आमच्या युरोलॉजिस्टनी स्वतःच चिठ्ठी लिहून दिली. वेळेचे भान मात्र ठेवा. स्नायूत शिरलेल्या रोगात निदानानंतर शस्त्रक्रिया तीन महिन्यांपलीकडे लांबवू नये, असे मानले जाते. आठ-पंधरा दिवसांत मिळणारे मत त्यात सहज बसते. म्हणून ठरलेली तारीख रद्द न करता, डॉक्टरांना सांगून, उद्याच लॅबमध्ये अर्ज द्या.