फॉलोअर सातशे, मागणी तीन: हळदीच्या घरगुती व्यवसायाचे इन्स्टाग्राम खाते

ताई, घरच्या दीड एकरातली राजापुरी हळद शिजवून, वाळवून आणि कांडून आपण पाकिटातून विकता, चार महिन्यांत इन्स्टाग्रामवर सातशे फॉलोअर झाले, तरी मागणी तिघांचीच आली, आणि पाकिटावरच्या स्टिकरवर खात्याचे नाव छापावे की नाही, असे आपण विचारले आहे. मी तासगावचा. बेदाण्याचा आमचा व्यवसाय लहान असला तरी गेली सात वर्षे त्यातला बराचसा माल फोनवरच्या मागणीने बाहेरगावी जातो, त्या अनुभवावर हे लिहीत आहे.

आपले खाते सावकाश पाहिले. सणांच्या शुभेच्छा आहेत, सुविचार आहेत, हळदीचे औषधी गुण आहेत. परंतु हळद कितीला, किती वजनाच्या पाकिटात आणि मागवायची कशी, हे कुठेही नाही. पुण्यातल्या एखाद्या बाईंनी वर्षाची हळद भरायची म्हणून आपले खाते उघडले, तर त्यांना आपल्याला निरोप पाठवून दर विचारावा लागेल, आणि अनोळखी माणसाला दर विचारून मग नको म्हणणे बहुतेकांना अवघड वाटते. म्हणून ते विचारतच नाहीत. ‘दरासाठी मेसेज करा’ हे वाक्य मला तरी गिऱ्हाईक परत पाठवण्याचा उपाय वाटते. बाजार हलतो म्हणून दर लिहिता येत नाही, अशी अडचण असेल तर दराबरोबर तारीख लिहावी आणि दर बदलला की चित्र बदलावे.

खाते नव्याने मांडण्यापूर्वी एक काम करा. नातेवाईक आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांनी गेल्या हंगामात आपल्याला जे जे विचारले, ते जुन्या निरोपांमधून एका वहीत उतरवून काढा. आम्ही हे केले तेव्हा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न ‘गंधकाची धुरी दिली आहे का’ हा निघाला, आणि आम्ही त्याविषयी वर्षभर एक अक्षरही लिहिलेले नव्हते. आपल्याकडे बहुधा ‘यंदाची आहे का’, ‘रंग मिसळलेला नाही ना’ आणि ‘कुरिअरचे वेगळे किती’ हे प्रश्न असतील. त्यांची उत्तरे म्हणजेच आपले प्रोफाइल.

परिचयासाठी १५० अक्षरांचीच जागा मिळते, त्यामुळे ‘शुद्धतेची परंपरा’ यांसारख्या शब्दांना तिथे थारा देऊ नये. ‘घरच्या रानातली राजापुरी हळद, सांगली. अर्धा व एक किलो. कुरिअरने घरपोच. मागणी खालील व्हॉट्सॲपवर’ एवढे पुरते. त्याखाली थेट व्हॉट्सॲप उघडणारा दुवा द्यावा. तीन पोस्ट सर्वांत वर खोचून (पिन करून) ठेवता येतात: एकीत दर आणि वजन, दुसरीत मागणीची पद्धत, तिसरीत हळद रानातून पाकिटापर्यंत कशी येते ते. शुभेच्छांची चित्रे काढून टाकली तरी काही बिघडणार नाही.

नावाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खात्याची ओळख (युजरनेम) रोमन अक्षरांतच ठेवावी लागते आणि ती ३० अक्षरांच्या आत असावी लागते. मात्र तिच्याखाली दिसणारे नाव देवनागरीत लिहिता येते आणि शोधणाऱ्याला त्यातल्या शब्दांवरूनही खाते सापडते. तेव्हा तिथे केवळ घराण्याचे नाव न लिहिता ‘सांगली हळद’ हे शब्द घालावेत. हे नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येते, म्हणून विचार करूनच लिहावे. रोमन ओळखीची कसोटी सोपी आहे: कोल्हापूरच्या मावशींना ती फोनवर एकदा सांगावी, त्यांना न चुकता लिहिता आली तर ठेवावी. सध्याच्या आपल्या ओळखीत दोन अधोरेषा (_) आणि जन्मसाल आहे, त्यामुळे मावशी नक्की चुकतील.

खाते व्यवसायाचे म्हणून फुकट बदलून घेता येते. त्याने किती जणांनी काय पाहिले याचे आकडे मिळतात, पण लोकप्रिय चित्रपटगीते व्हिडिओला लावण्यावर बंधने येतात. आपल्या बाबतीत तो तोटा नाही, कारण कांडपाचा आवाज कोणत्याही गाण्यापेक्षा बरा.

आता छायाचित्रांविषयी, कारण माझ्या मते खरी अडचण इथे आहे. आपण प्रत्येक चित्राला फिल्टर लावला आहे आणि हळद झेंडूसारखी पेटलेली दिसते. हळदीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट हे घातक पिवळे रंग मिसळण्याचे प्रकार लोकांनी वाचलेले असतात, त्यामुळे जास्त पिवळे चित्र पाहून जाणकार गिऱ्हाईक आकर्षित होण्याऐवजी बिचकते. आणि ज्याने मागवली, त्याला घरी आलेली हळद चित्रापेक्षा फिकी वाटते. आमच्या हिरव्या बेदाण्याचे असेच झाले होते आणि दोन खोकी परत आली होती. सकाळच्या उन्हात, स्टीलच्या ताटात, फिल्टर न लावता छायाचित्र काढावे. शेजारी फोडलेले हळकुंड ठेवावे, म्हणजे आतला रंग दिसेल. हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांची, छायाचित्रे सांगलीचा प्रत्येक हळदवाला टाकतो. आपली हळद पेवात राहिलेली नसेल तर आपण टाकू नयेत.

औषधी गुणांच्या पोस्ट मात्र आजच काढा. मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, आणि घरगुती व्यवसाय त्यातून सुटत नाही. तसेच सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले असले, तरी त्याचे चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. आपली नोंद नसेल तर चिन्ह काढून रानाचे गाव लिहा. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर आहेच, तो वाचता येईल असे एक छायाचित्र असू द्या.

मागणीसाठी वेगळे सिमकार्ड घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस ठेवावे. त्यात मालाची यादी चित्रांसह लावता येते, आणि आपला घरचा क्रमांक व पत्ता जगजाहीर होत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला आपला क्रमांक जतन करण्याची विनंती करावी, कारण ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला, निरोप ज्यांनी तो जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. मार्च ते मे या काळात लोक वर्षभराचे तिखट-हळद भरतात; तेव्हा अशा शंभर जणांना गेलेला एक निरोप सातशे फॉलोअरांपेक्षा जास्त विक्री करतो. पैसे देऊन जाहिरात एवढ्यात करू नये. मोठ्या मागणीचे आमिष दाखवून कोणी क्यूआर कोड पाठवला, तर ध्यानात ठेवा की पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

खाते कोणाच्या क्रमांकावर आहे, तेही पाहा. आमचे पहिले खाते पुतण्याच्या क्रमांकावर होते. तो नोकरीसाठी बाहेर गेला, क्रमांक बदलला, पासवर्ड कोणालाच आठवेना, आणि दोन वर्षांची छायाचित्रे आणि गिऱ्हाइके त्याबरोबर गेली. ईमेल व क्रमांक आपलाच असावा आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डबरोबर कोडही मागणारी) सुरू करावी.

स्टिकरवर खात्याचे नाव जरूर छापावे, परंतु त्याहून ठळक अक्षरांत व्हॉट्सॲपचा क्रमांक असावा. छपाईला अजून दिले नसेल तर आठवडाभर थांबा, आधी ती दोन अधोरेषांची ओळख बदला, आणि पहिल्या खेपेला हजाराऐवजी दोनशेच काढून घ्या.